कट नको, कॉपी कर!

लग्नसराईत फोटो स्टुडिओतल्या संगणकाला उसंत नसते. कोल्हापुरातल्या अशाच एका स्टुडिओत, सुट्टीला आलेली भाची मामाशेजारी बसली होती. मामाने कॅमेरा बंद करून टपाल तिकिटाएवढं एसडी कार्ड बाहेर काढलं.

“मामा, कॅमेराच वायरीने जोडला तर चालत नाही?”

“चालतं की. पण कॉपी होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवावा लागतो. मध्येच बॅटरी संपली की काम अर्धवट! कार्ड रीडरला वीज संगणकाकडून मिळते. कॅमेऱ्याची बॅटरी तेवढ्यात चार्जिंगला लावता येते.”

“आणि ही बाजूची पिवळी कळ?”

“लॉक. खाली सरकवली की फोटो बघता येतात, पुसता येत नाहीत. गंमत म्हणजे कार्डाच्या आतल्या सर्किटशी तिचा काही संबंध नसतो. कळ वर आहे की खाली, हे रीडर चाचपतो आणि लिहायचं की नाही ते ठरवतो.”

रीडर जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावला, तर सेकंदाला साधारण ३५ एमबी जातात. ३२ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला पाव तास लागतो. रीडर आणि पोर्ट दोन्ही ३.० असतील आणि कार्ड सेकंदाला ९० एमबी देणारं असेल, तर तेच काम सहा मिनिटांत होतं.

भाचीने ‘डीसीआयएम’ फोल्डर उघडलं. कॅमेरा कुठल्याही कंपनीचा असो, फोटो याच नावाच्या फोल्डरमध्ये सापडतात. हा नियम जपानमध्ये १९९८ साली ठरला. तिने सगळे फोटो सिलेक्ट केले आणि ‘कट’वर बोट नेलं.

“थांब! कट नको, कॉपी कर. कटमध्ये फोटो इकडे उतरला की तिकडून पुसला जातो. मध्येच रीडर हलला तर काही इथे, काही तिथे, एखादा कुठेच नाही. आधी कॉपी, मग दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण साइज जुळते का बघायचं, चार-दोन फोटो मोठे करून बघायचे. दुसरी कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. मगच कार्ड फॉरमॅट, तेही कॅमेऱ्यातच.”

हा आग्रह योग्यच आहे. अक्षता पडतानाचा क्षण पुन्हा उभा करता येत नाही.

“आणि चुकून पुसलेच तर?”

“कार्ड लगेच काढून ठेवायचं. एकही नवा फोटो घ्यायचा नाही. पुसलं तरी आधी फक्त यादीतली नोंद जाते; त्या जागेवर नवं काही लिहिलं जात नाही तोवर रिकव्हरी सॉफ्टवेअरला फोटो सापडू शकतो.”

“मामा, सप्तपदीचा व्हिडिओ मध्येच तुटलाय!”

“तुटला नाही गं. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. म्हणून कॅमेऱ्याने पुढचं चित्रण दुसऱ्या फाइलमध्ये घेतलं. एडिटिंगला जोडून घेऊ. दोन्ही फाइली उतरल्यात ना, तेवढं बघ. मग इजेक्ट करून कार्ड काढ.”