शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरला वायफाय कसे जोडावे? यूएसबी वायफाय अडॅप्टरची संपूर्ण माहिती



यू-डायस प्लस भरायचे असो, शालार्थचे काम असो की दीक्षावरचा एखादा व्हिडिओ मुलांना दाखवायचा असो, सगळे ऑनलाइन. आणि शाळेत काय आहे? कधीतरी मिळालेला एक डेस्कटॉप कॉम्प्युटर. तो चालू होतो, वर्डमध्ये मराठी टायपिंगही होते, पण त्याला नेट नाही. ब्रॉडबँडची वायर गावापर्यंत आलेली नसते, आणि आली तरी महिन्याचे बिल कोण भरणार हा प्रश्न असतोच. मग आपण मोबाईलच्या छोट्याशा स्क्रीनवर पोर्टल उघडून बसतो. एका विद्यार्थ्याची माहिती भरायला दहा वेळा स्क्रीन मोठी-लहान करायची. आधारच्या बारा अंकांतला एखादा अंक चुकतो आणि ते दुरुस्त करायला पुढे कितीतरी दिवस जातात. चूक आपल्या बोटाची, पण अडकते ते लेकराचे काम.

यावर एक छोटा आणि स्वस्त उपाय आहे. यूएसबी वायफाय अडॅप्टर. साधा अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो. तो कॉम्प्युटरला लावला की आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट किंवा ग्रामपंचायतीचे वायफाय त्या कॉम्प्युटरवर घेता येते. आज तो कसा निवडायचा, कसा बसवायचा आणि चालला नाही तर नेमके कुठे बघायचे ते पाहू.

अडॅप्टर म्हणजे नेमके काय?

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे यूएसबीला लावायच्या प्रत्येक वस्तूला 'डोंगल' म्हणतात. ज्यात सिमकार्ड घालतो तो नेटसेटर वेगळा. तो स्वतः नेट आणतो. ब्लूटूथचा डोंगल वेगळा. वायफाय अडॅप्टर यातले काहीच नाही. त्यात सिम नसते, त्यामुळे तो स्वतः नेट देत नाही. तो फक्त कॉम्प्युटरचा कान आणि तोंड. हवेत असलेले वायफाय तो ऐकतो आणि त्याच्याशी बोलतो. म्हणजे नेट देणारा दुसरा कोणीतरी लागतोच, मोबाईल किंवा राउटर. दुकानात 'डोंगल द्या' म्हणालात तर भलतेच हातात पडेल. 'डेस्कटॉपसाठी वायफायचा यूएसबी अडॅप्टर' असे पूर्ण सांगा.

घेताना काय बघायचे?

खोक्यावर १५०, ३००, ६०० असे आकडे असतात. हे मेगाबिट प्रति सेकंद. मेगाबाइट नव्हे. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १५० मेगाबिट म्हणजे १८.७५ मेगाबाइट. तेही कागदावरचे, प्रत्यक्षात बरेच कमी मिळते. पण मोबाईल हॉटस्पॉटसाठी १५० चा अडॅप्टरही पुरतो, कारण गावात मोबाईलचे नेटच त्याहून कितीतरी हळू असते. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे घालवू नका.

आकड्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते बँड. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्त अडॅप्टर फक्त २.४ वाला असतो. नवीन मोबाईल मात्र बऱ्याचदा हॉटस्पॉट ५ वर सुरू करतात. मग होते असे की शेजारच्या मोबाईलला हॉटस्पॉट दिसतो आणि कॉम्प्युटरला दिसतच नाही! अडॅप्टर खराब म्हणून लोक तो परत द्यायला निघतात. खरे तर मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये जाऊन बँड २.४ केला की झाले. आयफोनमध्ये याच कामासाठी 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाचे बटण आहे.

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. अडॅप्टर आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोज १० आणि ११ मध्ये पुष्कळ अडॅप्टरांचे ड्रायव्हर आधीपासून असतात. विंडोज ७ असेल तर तो बहुधा वेगळा टाकावा लागतो. म्हणून खोक्यावर आपल्या विंडोजचे नाव आहे का ते वाचून घ्या. खोक्यात छोटी सीडी असते, पण शाळेच्या कॉम्प्युटरचा सीडी ड्राइव्ह चालू असेल याची खात्री कोण देणार? सीडीवर विसंबू नका.

आता बसवू या

कॉम्प्युटर चालू करा आणि अडॅप्टर मागच्या बाजूच्या यूएसबी पोर्टला लावा. पुढचे पोर्ट पेनड्राइव्ह लावून-काढून सैल झालेले असतात. एक-दोन मिनिटे थांबा. उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ वायफायचे चिन्ह आले तर निम्मे काम झाले. त्यावर क्लिक करा, आपल्या हॉटस्पॉटचे नाव निवडा, पासवर्ड टाका. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असतो आणि त्यात लहान-मोठी एबीसीडी वेगळी धरली जाते. कॅप्स लॉक बघून घ्या.

काही अडॅप्टर लावल्यावर वायफाय दिसत नाही, उलट 'धिस पीसी'मध्ये एक नवीनच सीडी ड्राइव्ह दिसतो. घाबरू नका. ड्रायव्हर त्या अडॅप्टरच्याच पोटात ठेवलेला असतो. तो ड्राइव्ह उघडून आतली सेटअप फाईल चालवा. ड्रायव्हर बसला की अडॅप्टर सीडीचे सोंग सोडून वायफाय म्हणून कामाला लागतो. नाहीच सोडले तर त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून इजेक्ट म्हणा.

आणि काहीच झाले नाही तर? स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. (विंडोज ७ मध्ये कॉम्प्युटरच्या चिन्हावर राइट क्लिक, मग मॅनेज.) तिथे 'अदर डिव्हाइसेस'खाली पिवळा त्रिकोण दिसेल. याचा अर्थ, पाहुणा दारात आला आहे पण त्याची भाषा घरात कोणाला येत नाही. ड्रायव्हर हवा.

इथे सगळे अडतात. ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट हवे आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा! विहिरीतून पाणी काढायचे आणि पोहरा विहिरीत पडलेला, तशी गत. यावरची युक्ती फार कमी जणांना माहीत असते. अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या डेटा केबलने सरळ कॉम्प्युटरला जोडा, मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग'मध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. विंडोज १० मध्ये साधारणपणे काही न टाकता कॉम्प्युटरला नेट मिळते. केबल मात्र डेटावाली हवी. काही स्वस्त केबली फक्त चार्जिंग करतात आणि त्यांनी हा पर्याय दिसतच नाही. हेही जमले नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर डाउनलोड करून पेनड्राइव्हने आणा.

ड्रायव्हर शोधताना अडॅप्टर उलटा करून त्यावरचा मॉडेल नंबर वाचा. त्यात शेवटी व्हर्जन लिहिलेले असते, १, २ किंवा ३. याकडे दुर्लक्ष करू नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये आतली चिप वेगळी असू शकते आणि मग ड्रायव्हरही वेगळा. शिवाय आपले विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, ते 'धिस पीसी'च्या प्रॉपर्टीजमध्ये बघून तोच ड्रायव्हर घ्या. अडॅप्टरवर नावच नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक, 'डिटेल्स', आणि यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. तिथे व्हीआयडीपुढे चार अक्षरे असतात. ती ०बीडीए असतील तर चिप रिअलटेकची. मग शोध सोपा होतो.

एक कळकळीची विनंती. ड्रायव्हर कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्या. गुगलवर शोधले की 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' अशा जाहिराती आधी येतात. त्यातून नको ते प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये शिरतात. आपल्या शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते आठवा. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल नंबर, बँक खाती. पालकांनी ते विश्वासाने आपल्याकडे दिलेले आहे. दहा मिनिटे वाचवण्यासाठी ते पणाला लावू नये.

जोडले गेले, पण नेट चालत नाही

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. वायफायचे चिन्ह दिसते, कनेक्टेड लिहिलेले असते, पण पोर्टल उघडत नाही.

सगळ्यात आधी घड्याळ बघा. हो, उजव्या कोपऱ्यातले घड्याळ! जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. तो संपला की लाईट गेल्यावर तारीख मागे जाते, कधीकधी दहा-पंधरा वर्षे. सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवताना एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्याला मुदत असते. कॉम्प्युटरला वाटते की आपण अजून २०१० सालात आहोत, मग त्याला ते प्रमाणपत्र खोटे वाटते आणि 'कनेक्शन प्रायव्हेट नाही' असा इशारा येतो. आपण शिव्या अडॅप्टरला देतो! तारीख-वेळ बरोबर करा, आणि सेल बदलून टाका. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.

तारीख बरोबर असूनही नेट नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मोबाईलने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही. हॉटस्पॉट बंद-चालू करा, नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडा. नवीन मोबाईलमध्ये सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुना अडॅप्टर जोडला जात नाही. ती डब्ल्यूपीए२ करा. 'ओपन' मात्र कधीच ठेवू नका. शाळेबाहेरच्या पारावर बसणाऱ्या मंडळींना ते लगेच कळते आणि दुपारपर्यंत आपला डेटा संपलेला असतो.

डेटावरून आठवले. वायफाय मिळाले की विंडोज आनंदाने अपडेट ओढायला लागते. दिवसाचा दीड जीबी प्रार्थना संपायच्या आत साफ! विंडोज १० मध्ये सेटिंग, नेटवर्क, वायफाय असे जाऊन आपल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मग बहुतेक अपडेट थांबून राहतात. ती अधूनमधून कधीतरी सुट्टीच्या दिवशी करून घ्या, कायमची टाळू नका.

थोड्या थोड्या वेळाने वायफाय तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरवर डबल क्लिक करा आणि 'पॉवर मॅनेजमेंट'मधली पहिली टिक काढा. वीज वाचवण्यासाठी विंडोज अडॅप्टर झोपवते, ते बंद होते.

जागेचे महत्त्व

आपण ज्याला सीपीयू म्हणतो तो डबा लोखंडी पत्र्याचा. तो टेबलाखाली, शेजारी लोखंडी कपाट, आणि अडॅप्टर डब्याच्या मागे भिंतीकडे तोंड करून. रेडिओ लहरींना पत्रा आवडत नाही. त्या तिथून परत फिरतात. म्हणून एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि अडॅप्टर टेबलावर आणून ठेवा. फरक लगेच दिसतो. निळे यूएसबी ३ पोर्ट असतील तर तिथे चालू असलेली हार्ड डिस्क २.४ च्या वायफायमध्ये अडथळा आणू शकते. अडॅप्टर काळ्या पोर्टला लावा.

अनेक शाळांत मोबाईलला रेंज फक्त एका खिडकीत येते. मग मोबाईल त्या खिडकीतच राहू द्या, केबलने अडॅप्टर त्याच्या दिशेने पुढे आणा. मोबाईलला टॉवर दिसणे जास्त गरजेचे, कारण अडॅप्टर आणि मोबाईल यांच्यातले अंतर एका वर्गाएवढे असले तरी चालते.

पाचवीच्या वर्गाला यातून छान कृती देता येते. अडॅप्टर टेबलावर, कपाटामागे, डब्याच्या मागे आणि खिडकीत ठेवून प्रत्येक वेळी वायफायच्या किती रेषा दिसतात ते मुलांना वहीत लिहायला सांगा. मग वर स्टीलचा डबा उपडा घाला आणि पुन्हा मोजा. नंतर प्लास्टिकचा. कोणता पदार्थ लहरी अडवतो हे मुले स्वतःच सांगतात, आणि तक्ता कसा करायचा तेही शिकतात.

लिनक्स असेल तर

काही शाळांच्या कॉम्प्युटरमध्ये बॉस लिनक्स किंवा उबुंटू आहे. तिथे अडॅप्टर लावून पाहा. चिप जुनी आणि ओळखीची असेल तर काही न टाकता चालतो. नाही चालला तर टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही कमांड दिली की चिपचे नाव दिसते. नवीन रिअलटेक चिप आणि जुने लिनक्स ही जोडी जमायला कठीण जाते. अशा वेळी मी तर म्हणेन की ड्रायव्हरच्या मागे दोन दिवस घालवण्यापेक्षा दुकानदाराकडून दुसऱ्या चिपचा अडॅप्टर बदलून घ्या. त्यासाठी पक्के बिल घ्यायला विसरू नका. शाळा अनुदानातून खर्च टाकायचा असेल तर ते लागतेच.

सगळे नीट चालू झाले की ड्रायव्हरची फाईल डी ड्राइव्हमध्ये 'वायफाय ड्रायव्हर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, एक प्रत पेनड्राइव्हवर. कॉम्प्युटर फॉरमॅट झाला की सी ड्राइव्ह जातो. आणि अडॅप्टरची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला करून टाका. वस्तू नखाएवढी आहे. सुट्टीत कॉम्प्युटर झाकून ठेवताना ती काढून कुठल्या डब्यात ठेवली, तेही तिथेच शेऱ्यात लिहा.