वेलदोड्याचे तेल : पाकशाळेत आणि चूर्णात

सातारचा कंदी पेढा हाती घेतला की खरपूस खव्यापाठोपाठ वेलदोड्याचा गंध जाणवतो. हा गंध उडनशील तेलाचा. ते एलाबीजांत साधारणतः ४ ते ८ टक्के असते, सालीत नाममात्रच. सिनिओल व टर्पिनिल अ‍ॅसिटेट हे त्याचे प्रमुख घटक होत. भावप्रकाशात सूक्ष्मैला कटुरसाची, शीत, लघु आणि कफ, श्वास, कास, अर्श व मूत्रकृच्छ्र हरण करणारी सांगितली आहे. परंतु हे गुण अखंड बीजाचे आहेत, काढलेल्या तेलाचे नव्हेत, हे ध्यानी असू द्यावे.

पाकशाळेत मात्र तेलाचा उपयोग सोयीचा आहे. ५ टक्के तेलाचे बीज धरल्यास एक थेंब म्हणजे सुमारे एक ग्रॅम बीजांचे, अर्थात सहा-सात वेलदोड्यांचे सार होय. किलोभर पेढ्यांना दोन थेंब पुरेत; तिसऱ्याने पेढा औषधी लागू लागतो. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून ते प्रथम चमचाभर तुपात किंवा पिठीसाखरेत घोळून घ्यावे. बासुंदी वा खवा चुलीवरून उतरविल्यानंतरच ते घालावे. उकळत्या दुधात घातलेला वेलदोडा निम्मा धुराड्यालाच जातो! च्यवनप्राशात त्वक्, एला, पत्र व नागकेशर ही प्रक्षेपद्रव्ये पाक सिद्ध झाल्यावर का घालावयाची, याचे उत्तर आपल्या गृहिणींना ठाऊक आहेच.

आता आमच्या खऱ्या चिंतेचा विषय. तेल काढून घेतल्यावर उरलेले बीज कोठे जाते? अशा निःसत्त्व वेलदोड्यांवर शंखजिऱ्याची भुकटी चढवून ते पुन्हा विकण्याचा प्रकार अन्नभेसळीच्या परिचित प्रकारांपैकी आहे. सातारा-सांगली भागात वेलदोडा पिकत नाही. तो इडुक्की, कोडगूकडून येतो आणि आपल्यापर्यंत पोहोचेतो अनेक हातांतून जातो. मिठाईत अशी भेसळ झाली तर चव बिघडते, एवढेच. सितोपलादीत ती झाली तर रुग्णाचा कास हटत नाही, आणि दोष मात्र योगावर येतो.

हिशेब पाहा. सितोपला १६, वंशलोचन ८, पिप्पली ४, एला २ व त्वक् १ असे एकूण ३१ भाग होतात. ३१० ग्रॅम चूर्णात एला अवघी २० ग्रॅम, म्हणजे तेल जेमतेम १ मिलिलिटर. ही उणीव वरून तेल शिंपडून भरून काढावी, असे काही जण सुचवितात. आम्हांस ते मान्य नाही. तेल चूर्णात सर्वत्र सारखे बसत नाही, लवकर उडते, आणि पाठात एलाबीज सांगितलेले आहे.

म्हणून तयार पूड घेऊ नये. सालीसकट वेलदोडे आणावेत. बोटांनी चोळून पाहावेत. बोटांना पांढरी भुकटी लागल्यास परत करावेत. बी दाताखाली फोडताच गंध व किंचित गारवा जाणवला पाहिजे. साल योगाच्या वेळीच काढावी, बीज लगेच कुटावे आणि चूर्ण घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवावे.

एक सूचना मातांना आवर्जून द्यावी : सर्दीत तान्ह्या बाळाच्या नाकाशी वा चेहऱ्यावर हे तेल लावू नये. सिनिओलयुक्त तेलांनी लहान बालकांच्या श्वासास अडथळा होण्याचा संभव असतो.