महाडचा अपघात आणि तात्पुरते हेलिपॅड

लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत ३ मे २०२४ रोजी सकाळी महाड येथे एक खाजगी हेलिकॉप्टर उतरता उतरता कोसळले. श्रीमती सुषमा अंधारे यांना पुढील सभेस नेण्यासाठी ते आले होते. त्या अद्याप त्यात बसावयाच्या होत्या आणि वैमानिकही सुदैवाने बचावला. या प्रसंगाचे चित्रीकरण पुष्कळांनी पाहिले आहे. मैदान जवळ येताच धुळीचा लोट उठतो, हेलिकॉप्टर हेलकावे खाते आणि जमिनीवर आदळते.

अपघाताची मीमांसा हे तज्ज्ञांचे काम होय. परंतु उतरण्याची जागा सिद्ध करण्याचे काम तहसील कचेरी, बांधकाम खाते आणि पुष्कळदा ग्रामपंचायत वा शाळा यांच्याकडे येते. म्हणून उतरताना जमिनीशी नेमके काय घडते, हे त्यांनी जाणून घेणे इष्ट आहे.

हेलिकॉप्टर तरंगते ते हवा सतत जोराने खाली लोटून. नळाची धार फरशीवर पडली म्हणजे पाणी चहूकडे फाकते, तद्वत ही हवा जमिनीवर आपटून सर्व बाजूंस धावते. माती सुटी असेल तर ती उडते, वर चढते आणि पुन्हा पात्यांकडे ओढली जाते. काही क्षणांतच वैमानिकास जमीन दिसेनाशी होते. धूळ एका बाजूस वाहत असली की आपले यान दुसऱ्या बाजूस सरकत आहे, असाही भास होतो. अशा वेळी नकळत आडवे सरकणाऱ्या हेलिकॉप्टरचा एक पाय ढेकळास वा बांधास अडला, तर तोच टेकू होऊन सबंध यंत्र उलटते. सावरण्यास फारच थोडा अवधी मिळतो.

महाड-पोलादपूरकडील भातखाचरे मे महिन्यात भाजून निघालेली असतात. वरची माती पिठासारखी, मध्ये बांध, आणि जमीन सपाट दिसली तरी उतरती. तेथे ऐन वेळी टँकरने वरवर पाणी शिंपडून भागत नाही. ते आधीपासून मुरवावे लागते. त्यापेक्षा आखूड, दाट गवताचे मैदान केव्हाही श्रेयस्कर, कारण मुळे माती धरून ठेवतात. परदेशांत लहान विमाने गवती धावपट्टीवर नित्य उतरतात, तेथेही गवत आखूड राखण्याचा कटाक्ष असतो. उंच गवतात दगड व खुंट लपतात आणि वाळलेले असल्यास आगीचे भय असते. मंडपाचे कापड, प्लास्टिकचे कागद, सुटे पत्रे यांची गोष्ट तर सांगावयासच नको. स्वागताच्या हौसेने लावलेल्या पताकाही दूरच बऱ्या.

हा प्रश्न केवळ नेत्यांच्या दौऱ्यांपुरता नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा शोधकार्यात हेलिकॉप्टरांचा उपयोग झाला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले, तळिये येथे दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही जीवितहानी झाली. पाण्यामुळे व दरडींमुळे वाटा बंद असल्याने मदत पथकांना पोहोचण्यास विलंब लागला. असा प्रसंग पुन्हा आलाच, तर मे महिन्यातील धुळीचे खाचर जुलैत गुडघाभर चिखलाचे झालेले असते. त्यात एक पाय रुतला की यान कलते. म्हणजे उन्हाळ्यासाठी निवडलेली जागा पावसाळ्यात चालेलच असे नाही. गावाने उंचावरचे, पाणी न साचणारे मैदान आधीच हेरून त्याची नोंद तालुक्यास देणे अगत्याचे आहे.

आणखी एक बाब म्हणजे तारा. २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच विजेच्या तारांत अडकून कोसळले. त्यातील सर्वजण बचावले. आकाशातून खांब दिसतो, तार सहसा दिसत नाही. म्हणून मैदानाच्या नकाशात खांबांबरोबरच तारांची दिशा व उंचीही दाखवावी, आणि वारा कोठून वाहतो हे कळण्यासाठी कडेला उंच काठीवर कापडी पिशवी बांधावी.