पीसी की कन्सोल? आधी घर बघ, मग दुकान

बारावीचा निकाल लागला किंवा घरात कापसाचे चुकारे आले, की घाटंजीतली पोट्टी एकच प्रश्न घेऊन येतात: "काका, पीसी घेऊ की प्लेस्टेशन?" आधी टीव्ही, मग व्हीसीआर, मग कम्प्युटर, अशी यंत्रं उघडण्यात माझी हयात गेली. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो. दुकानातली किंमत म्हणजे नुसती सुरुवात. यंत्र खरं कितीला पडलं, हे तुझ्या घरची वीज, तुझं नेट, जवळचा मिस्त्री आणि घरात शिकणारं कोण आहे, यावर ठरतं. एवढं ऐकून घे, मग यवतमाळ-नागपूरची गाडी पकड.

१. हिशोब पाच वर्षांचा मांड

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं तेव्हा डिस्कवालं ४९,९९० रुपयांना होतं आणि बिनडिस्कचं ३९,९९० ला. २०२२ च्या नोव्हेंबरात दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले. पूर्वी कन्सोल जुनं झालं की स्वस्त व्हायचं, म्हणून "थांबू थोडं" म्हणण्यात अर्थ होता. आता तो भरवसा नाही. तरी एकरकमी बघशील तर कन्सोलच स्वस्त. त्याच्या तोडीचा पीसी मॉनिटर-कीबोर्डसकट सत्तर-ऐंशी हजारांच्या आत बसवणं कठीण.

पण पुढचा खर्च बघ. कन्सोलचा नवा मोठा गेम चार-पाच हजारांचा. विकतचा गेम दोस्तांसोबत ऑनलाइन खेळायचा तर बहुतेक वेळा वर्षाची वर्गणी वेगळी. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमला ती लागत नाही. पीसीवर ही वर्गणीच नाही. स्टीमवर उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुने चांगले गेम निम्म्या-पाव किमतीत मिळतात, आणि एपिकच्या दुकानात आठवड्याला एखादा फुकटही मिळतो. वर्षाला दोनच गेम मन लावून खेळणाऱ्याला कन्सोल परवडतं. ज्याला वीस गेम चाखायचे, त्याने पीसीकडे वळावं.

२. नेट मोजल्याशिवाय बिनडिस्कचं घेऊ नकोस

आजचा मोठा गेम शंभर जीबीपर्यंत सहज जातो. मोबाइलवर दिवसाला दोन जीबी मिळत असतील तर एक गेम उतरवायला पन्नास दिवस लागतील. फायबरवर ३० एमबीपीएसचा वेग सलग मिळाला, तर तोच गेम साडेसात तासांत उतरतो. म्हणून तुझ्या गल्लीत फायबर आलंय का, आणि रात्री तो किती वेळ टिकतो, हे आधी शेजाऱ्याला विचार.

डिस्कचा फायदा नीट समजून घे. डिस्क घातली तरी अपडेट उतरवावेच लागतात, पण खेळून झालेली डिस्क विकता येते, दोस्ताशी बदलून घेता येते. चौघांनी मिळून चार डिस्क फिरवल्या की एका गेमच्या पैशात चार होतात. बिनडिस्कच्या कन्सोलवर, एक्सबॉक्स सिरीज एस वर किंवा पीसीवर घेतलेला गेम तुझ्या खात्याला चिकटला तो चिकटला.

३. पैसा आधी अर्थिंगवर घाल

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कोणी विचारत नाही. चालू पीसीच्या पत्र्याला उलटा हात लावून झिणझिण्या आल्या, तर तुझ्या घरचं अर्थिंग मेलेलं आहे असं समज आणि तिथंच यंत्र बंद कर. तीन पिनांचा प्लग असून तिसऱ्या पिनेला तारच नाही, अशी कितीतरी घरं मी पाहिली. इलेक्ट्रिशियनला बोलाव, फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लॅम्प लावून बघायला सांग. अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. माती सुकली की अर्थिंग काम करत नाही.

दुसरी गोष्ट यूपीएस. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॉट पेलतो. ग्राफिक्स कार्डवाला पीसी गेममध्ये जोरात आला की तो बीप करून झोपतो. गेमिंग पीसीला हजार व्हीएच्या वरचाच घे, आणि तो खेळत राहायला नसून गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला आहे, हे लक्षात ठेव. कन्सोलवाल्यांनी रेस्ट मोडची सवय सोडावी. झोपलेल्या कन्सोलची लाइट अचानक गेली की आतला डेटा बिघडू शकतो, म्हणून रात्री पूर्ण बंद करत जा.

मृगाच्या आधी विजा कडकडायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग उपस, राउटरचा ॲडॉप्टर काढ, केबल टीव्हीची वायर सोडव.

बिलाचंही ऐक. पीसी ४०० वॉट खाईल असं धर. रोज तीन तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट. कन्सोल २०० वॉटच्या आसपास, म्हणजे १८ युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो. तुमचं बिल नव्वद युनिटांवर असेल, तर शंभरापुढचे वाढीव युनिट महागाचे पडतील.

४. रुई आणि उन्हाळा, दोन्हीचा बंदोबस्त कर

आपला मुलूख कापसाचा. दिवाळीपासून जिनिंग सुरू झालं की हवेत बारीक रुई तरंगते. ती पंख्यातून आत जाते, प्रोसेसरच्या पत्र्यांच्या फटीत अडकते आणि नमद्यासारखा घट्ट थर होतो. वरून पंखा गरगर फिरत असतो, पण वारा आत जातच नाही. पुढं मे महिन्यात ४४-४५ अंश झालं की मशीन आपोआप मंद पडतं किंवा बंद होतं, आणि लोक म्हणतात, "गेम जड आहे."

कापसाचा हंगाम सरला की पीसी अंगणात ने, वायर काढ, झाकण उघड. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव आणि मऊ ब्रशनं, ब्लोअरनं धूळ काढ. पातं मोकळं सोडून वारा मारलास तर पंखा बेफाम फिरून खराब होतो. दोन-तीन वर्षांनी प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घे.

पहिल्या प्लेस्टेशन ५ च्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्या हातानं निघतात; आत धूळ साठायला छिद्रं दिली आहेत, तिथून व्हॅक्यूमनं ती ओढून घे. त्याच्या पुढं हात घालू नकोस. आत प्रोसेसरवर लिक्विड मेटल असतं, ते सांडलं तर बोर्ड जातो. कन्सोल टीव्हीखालच्या बंद कपाटातही कोंबू नकोस.

५. अपग्रेड करायचं तर बोर्ड आणि पॉवर सप्लाय आधी चांगला घे

पीसीची खरी ताकद अपग्रेडमध्ये. पण ती मदरबोर्डच्या सॉकेटवर टांगलेली असते. एएमडीचं एएम ४ सॉकेट २०१६ ला आलं आणि पुढं कितीतरी वर्षं त्यात नवे प्रोसेसर बसत गेले. त्याच बोर्डवर नुसता प्रोसेसर बदलून कितीतरी पोरांनी मशीन तरुण केलं. आता एएम ५ आहे. पैसे कमी असतील तर आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, ६५० वॉटचा चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय आणि रॅमच्या दोन जुळ्या पट्ट्या घेऊन सुरुवात कर. हलके गेम चालतील. ग्राफिक्स कार्ड पुढच्या चुकाऱ्यावर घे. रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचे भाव मात्र कधी अचानक चढतात, तेव्हा घाई करू नकोस. सेकंडहॅण्ड कार्ड समोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नकोस. क्रिप्टोच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात फिरतात.

गेमिंग लॅपटॉप पीसीसारखा अपग्रेड होतो असं समजू नकोस. रॅम आणि एसएसडी वाढेल, ग्राफिक्स आहे तेच राहील. कन्सोलमध्ये तर एसएसडीच तेवढी वाढवता येते. पण त्याचा एक मोठा गुण मान्य कर: घरी आणलं, टीव्हीला लावलं, झालं. ड्रायव्हर नाही, सेटिंग नाही.

६. घरात शिकणारं कोण आहे ते बघ

बहिणीची एमएस-सीआयटी, भावाचं इंजिनिअरिंग, बाबांची टॅली, एमपीएससीचे फॉर्म, हे सगळं पीसीवर होतं. कन्सोलवर यातलं काही होत नाही. घरात दुसरा कम्प्युटर नसेल तर माझं मत सरळ पीसीला. तो असेल आणि तुला फक्त खेळायचं असेल, तर कन्सोल घेऊन निवांत राहा.

आणि ज्या पीसीवर घरच्यांचं बँक खातं उघडतं, त्यावर पेनड्राइव्हमधून आलेला फुकटचा चोरीचा गेम टाकू नकोस. त्यातून व्हायरस येतो आणि पासवर्ड जातात.

७. पक्कं बिल घे, पीककर्जाला हात लावू नकोस

कच्च्या चिठ्ठीवर हजार-दीड हजार वाचतात आणि वॉरंटी जाते. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घे. पीसीच्या भागांना तीन ते पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त वॉरंटी असते. एक भाग गेला तर तेवढाच पाठवायचा, बाकी मशीन घरीच. कन्सोलला सहसा एक वर्ष, आणि बिघडलं की अख्खं यंत्र मोठ्या शहरात पाठवावं लागतं. खोकं आणि थर्माकोल जपून ठेव.

जूनमध्ये बियाणं-खतासाठी काढलेल्या पीककर्जाचा पैसा घरात असतो. तो खेळासाठी मागू नकोस. कापूस विकला गेला, देणी फिटली, की बाबांपुढे पाच वर्षांचा हिशोब वहीत मांडून बस. आकडे खरे असले की मायबाप ऐकतात. त्या वहीत पहिली ओळ इलेक्ट्रिशियनच्या खर्चाची लिही, दुसरी यूपीएसची, आणि तिसरी यंत्राची.