सडकेवरील टायरांचा आवाज व वर्गातील श्रवण

हमरस्त्याच्या कडेला असलेल्या शाळेत भरधाव वाहन जाऊ लागले की शिक्षकाचे वाक्य अर्ध्यावर तुटते. दोष बहुधा एंजिनाला व हॉर्नला दिला जातो. परंतु हलक्या मोटारीचा वेग ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटरांवर गेला म्हणजे एंजिनापेक्षा टायरांचाच आवाज अधिक होतो. टायरच्या नक्षीचे ठोकळे सडकेवर आदळतात आणि खाचांत कोंडलेली हवा दाबली जाऊन फसकन सुटते. सच्छिद्र डांबराच्या थरात ती हवा शिरते व ध्वनीही काही अंशी शोषला जातो. नेदरलँड्समधील महामार्गांवर असा थर सर्रास आढळतो. मात्र छिद्रे धुळीने बुजतात. आपल्याकडे त्याची फार आशा धरू नये.

सडकेचा आवाज मोजताना ध्वनिग्राहक मार्गिकेच्या मध्यापासून ७.५ मीटरांवर व १.२ मीटर उंचीवर ठेवतात. परिमाण डेसिबल. त्याचे गणित मुलांना गमतीचे वाटेल: तशीच वाहने दुप्पट झाली तर ६० डेसिबलचे १२० होत नाहीत, ६३ होतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० डेसिबलची मर्यादा घातली आहे.

शाळेत यंत्र नसले तरी श्रुतलेखन आहे. ‘पाट-पाठ’, ‘ताप-थाप’, ‘कार-खार’ अशा जोड्यांतील वीस शब्द सडकेकडील खिडक्या उघड्या ठेवून सांगावेत. दुसऱ्या दिवशी तितकेच कठीण वीस शब्द खिडक्या लावून सांगावेत. आवाज चढवू नये, शब्द पुन्हा सांगू नये. चुका रांगेनुसार मांडाव्यात. खिडक्या लावताच मागच्या रांगेच्या चुका उतरल्या, तर ज्या मुलाला आजवर ‘लक्ष नाही’ म्हणून उभे केले जात होते, त्याला शब्द ऐकूच येत नव्हता हे शिक्षकाने जाणावे व त्याची जागा त्याच दिवशी बदलावी.

झाडांची एखादी रांग सावली देते, आवाज फारसा अडवीत नाही. खिडकीतून चाके दिसणार नाहीत इतकी उंच, फट नसलेली भिंत किंवा मातीचा बांध सुमारे ५ डेसिबल कमी करू शकतो. तोवर पहिलीचे वाचन मागील खोलीत घ्यावे. चित्रकला, हस्तव्यवसाय सडकेकडील खोलीत चालतील. भिंतीसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करताना श्रुतलेखनाचा तक्ता सोबत जोडावा.