मुळी काम करते, म्हणूनच नको

नांदगावहून एका वाचकांनी विचारलंय: हृदयाचा व्हॉल्व्ह बदलल्यापासून रक्त गोठू न देणारं वॉरफरिन चालू आहे. पुतण्याने रक्ताभिसरणासाठी डानशेन नावाच्या चिनी मुळीच्या कॅप्सूल मागवून दिल्यात. झाडपाल्याचंच औषध, घेतलं तर चालेल ना?

नाही चालणार. मुळी बोगस असती तर मी इतकं ताणलंही नसतं. ती काम करते, अडचण तिथेच आहे.

डानशेनची मुळं लालसर असतात. हा रंग टॅनशिनोन नावाच्या द्रव्यांचा. ती पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये विरघळतात. पाण्यात उतरतात ती वेगळी, सॅल्व्हियानोलिक आम्लं. म्हणजे काढा प्यायलात तर पोटात एक जातं, अल्कोहोलमधला अर्क घेतलात तर दुसरंच. डबीवर नाव मात्र एकच.

मुळीतलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं, हे शोधणं चिवट माणसांचं काम. आपल्या मुंबईतच ते झालंय, दुसऱ्या एका मुळीबाबत. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात 1970च्या दशकात कोलियस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांचा अर्क तपासला गेला. अर्काचे भाग पाडायचे, एकेक भाग प्राण्यांवर तपासायचा, रक्तदाब उतरवणारा तेवढा ठेवायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे. असं करत हाती आलं फोर्स्कोलिन: रक्तवाहिन्या सैल करणारं, हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवणारं. त्याची रचना 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. गुजराती घरांत याच मुळांचं, गरमरचं, लोणचं घालतात. लोणच्याच्या फोडीने कुणाला भोवळ आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सगळा खेळ मात्रेचा, आणि तुमच्या डानशेनच्या कॅप्सूलमध्ये मात्रा किती ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही.

आता तुमचं. वॉरफरिन घेणाऱ्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचा आकडा, साधारण 2 ते 3, काही व्हॉल्व्हना साडेतीनपर्यंत ठेवतात. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 1990च्या दशकात व्हॉल्व्हचे असे रुग्ण नोंदवले, की वॉरफरिनसोबत डानशेन घेतल्यावर त्यांचा आयएनआर फार वाढला, एकाचा तर 8च्या वर गेला. एवढ्यावर आतून रक्तस्राव व्हायला फार काही लागत नाही.

कॅप्सूल सुरू केल्या असतील तर आज थांबवा, पण वॉरफरिन मनाने बंद करू नका. व्हॉल्व्हवर गुठळी धरली तर पक्षाघात होऊ शकतो. एक-दोन दिवसांत आयएनआर करून घ्या आणि आठवड्याभराने पुन्हा करा, कारण मुळीचा असर ओसरला की आकडा खालीही घसरतो. शौचाला डांबरासारखं काळं होणं, हिरड्यांतून न थांबणारं रक्त, लघवी लाल होणं, डोक्याला मार लागणं किंवा अचानक जोरात डोकं दुखणं, यातलं काहीही झालं तर तपासणीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

आठवडी बाजारातलं अर्जुनसालीचं चूर्ण, लसणाच्या कॅप्सूल, गुडघेदुखीच्या गोळ्या, हेही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. मेथी-पालक खुशाल खा, फक्त दर आठवड्याला साधारण तेवढीच. आणि कॅप्सूलची डबी फेकू नका, तपासणीला जाताना सोबत न्या. त्यात आणखी काय काय मिसळलंय ते डॉक्टरांना वाचू द्या.