दाढीचा साबण, कोरडी कातडी आणि मेडिकलची ट्यूब

वस्तीत आरोग्य तपासणी लावली की पुरुषमंडळी रक्तदाब मोजून घेतात, साखर तपासून घेतात आणि निघतात. गालावर, मानेवर काही उठलेले दाखवायचे असेल तर सगळे गेल्यावर मागे थांबतात. "सिस्टर, दाढी केली की आग होते, काही मलम आहे का?" हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायचे ठरवले. मलमाचे नंतर बघू, आधी दाढीला काय लावता ते सांगा, असे आम्ही उलट विचारतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असते : अंगाचा साबण. मोरीत जो असेल तो.

आपल्यातल्या कितीतरी जणांना दाढी रोज करावीच लागते. सिक्युरिटी गार्ड, हॉटेलातला वाढपी, मॉलमधला मुलगा, यांचा सुपरवायझर ड्यूटीवर हजेरी घेतानाच गाल बघतो. चार दिवस दाढी करू नका, कातडीला विश्रांती द्या, हा सल्ला त्यांच्या कामाचा नाही. तेव्हा रोज दाढी करूनही कातडी शाबूत कशी ठेवायची, ते बघू.

कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मेलेल्या पेशी आणि त्यांना धरून ठेवणारा माल म्हणजे आपल्याच कातडीतले स्निग्ध पदार्थ. ही भिंत आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची घाण आत येऊ देत नाही. कोरड्या कातडीच्या माणसाच्या भिंतीत हा माल मुळातच कमी असतो. निरोगी कातडी किंचित आम्ल असते. तिचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. साबण अल्कधर्मी, त्याचा पीएच ९ ते १० च्या घरात जातो. तो मळ काढतो तसा विटांमधला मालही धुऊन नेतो. त्यावरून ब्लेड फिरले की केसांबरोबर वरच्या दोन-चार विटाही निघतात. मग आग, खाज, लाली, दुसऱ्या दिवशी बारीक पुटकुळ्या. ज्यांचे केस कुरळे आणि राठ असतात त्यांचा कापलेला केस वळून पुन्हा कातडीत शिरतो. हनुवटीखाली आणि मानेवर उठणारे टणक दाणे बहुतेक त्याचेच असतात. ती मुरुमे नव्हेत, आणि रक्तातील उष्णता तर मुळीच नव्हे.

साबण कोणता घ्यावा

दाढीचा साबणही शेवटी साबणच आहे, पण त्याची घडण वेगळी असते. त्यात स्टिअरिक अॅसिड जास्त असते आणि तो बनवताना पोटॅशियमचा क्षार वापरतात. त्यामुळे फेस दाट, मऊ आणि न वाळणारा येतो. सोबत ग्लिसरीन असते, ते पाणी धरून ठेवते. अंगाच्या साबणाचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो, तो मिनिटात वाळतो आणि ब्लेड कोरड्या गालावर घासत जाते. म्हणून वेगळा साबण ही चैन नाही. दाढीची वडी किंवा क्रीमची ट्यूब महिनोन्महिने चालते, कारण एका वेळी हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढे क्रीम पुरते. टीव्हीवर बोटभर लांब पट्टी काढून दाखवतात ती ट्यूब लवकर संपावी म्हणून.

ट्यूबच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत घटकांची यादी असते. शाळेतल्या मुलीकडून वाचून घ्या, तिचाही अभ्यास होईल. जो घटक जास्त, तो यादीत आधी येतो. स्टिअरिक अॅसिड, ग्लिसरीन वरच्या बाजूला दिसले तर चांगले. मेंथॉल, कापूर, पेपरमिंट असले आणि तुमची कातडी नाजूक असेल तर ठेवून द्या. ते गार वाटते, पण गार वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे, ती चुणचुणच असते. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा शब्द नसेल तर उत्तम. 'अनसेंटेड' असे लिहिले असले तरी कधी कधी एक वास झाकायला दुसरा वास घातलेला असतो. आपल्याला हवा तो शब्द 'फ्रॅग्रन्स फ्री'. 'हर्बल', 'आयुर्वेदिक', 'नॅचरल' या शब्दांवरून काहीच ठरवू नका. लिंबू नैसर्गिकच आहे, पण दाढी केलेल्या गालावर लिंबू चोळून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात.

साध्या दाढीच्या क्रीमनेही आग होत असेल तर फेस न येणारे, ब्रशविना लावायचे क्रीम किंवा जेल मिळते. गालावर पांढरा ढीग दिसत नाही म्हणून अनेकांना ते पटत नाही. पण केस मऊ होतात ते पाण्याने. फेसाचे काम ते पाणी धरून ठेवणे आणि ब्लेड घसरू देणे एवढेच.

अंगाच्या साबणाबद्दलही एक गोष्ट सांगतो. वेष्टनावर 'टीएफएम' असे लिहून टक्के दिलेले असतात. साबणात स्निग्धांश किती, याचा तो आकडा. भारतीय मानकांप्रमाणे पहिल्या दर्जाच्या टॉयलेट साबणात तो किमान ७६, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६० लागतो. आकडा कमी म्हणजे भरतीचा माल जास्त. कोरड्या कातडीला पहिला दर्जा बरा, पण आकडा मोठा म्हणून तो साबण अल्कधर्मी नाही असे होत नाही. थंडीत अंगाला साबण रोज लावायचीही गरज नाही. काखा, जांघा, पावले इथे लावा. पाठ, हात, पाय नुसत्या पाण्यानेही स्वच्छ होतात. जंतुनाशक म्हणून विकला जाणारा साबण कोरड्या कातडीला आणखी कोरडे करतो, आणि पाण्यात जंतुनाशक द्रव टाकून तोंड धुणे तर त्याहून वाईट.

दाढी करायची कशी

आंघोळीनंतर करा, आधी नाही. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे गाल भिजले की केस मऊ पडतात. कढत पाणी नको. बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि पांढरा चिकट थर गालावर राहतो, तोच नंतर खाजतो. अशा वस्तीत दाढीपुरते तांब्याभर नळाचे किंवा पिण्याचे पाणी बाजूला ठेवावे. एवढ्यानेच फरक पडलेले लोक आम्ही पाहिले आहेत. ब्लेड केसांच्या दिशेने फिरवा. उलटी दाढी गुळगुळीत होते, पण आत वळणारे केस तिच्यातूनच तयार होतात. दाबू नका, कातडी ताणू नका, दर फटक्याला ब्लेड पाण्यात बुडवा. दाणे उठत असतील तर चार-पाच पात्यांच्या महागड्या रेझरपेक्षा एका पात्याचा साधा रेझर बरा, कारण जास्त पाती केसाला कातडीच्या खालून कापतात. पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदला. पैसे वाचवायचेच असतील तर ब्लेड झटकून कोरड्या जागी ठेवा. मोरीतल्या ओल्या फळीवर ते गंजते.

घरातला रेझर ज्याचा त्याचा. बाप, मुलगा आणि काखेतले केस काढायला वहिनी, असा एकच रेझर फिरलेला आम्ही पाहतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे रक्तही ब्लेडवर राहते. हेपटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तात, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी ब्लेड नवे टाकतात. तो दादाही पोटासाठीच राबतो, त्याच्याशी वाद न घालता "पाकीट माझ्यासमोर फोडा" एवढे म्हणा. मात्र तुरटीचा खडा सगळ्यांना तोच फिरतो, आणि तो कापलेल्या जागीच फिरतो. तुरटीला सरळ नाही म्हणा. कोरड्या कातडीला ती तशीही नको, ती कातडी आवळते आणि आणखी सुकवते. श्रामणेर शिबिरात एका सकाळी कितीतरी जणांचे मुंडण होते, तेव्हा आयोजकांनी माणसागणिक नवे ब्लेड ठेवावे, आणि वापरलेले ब्लेड कचऱ्यात मोकळे न टाकता डब्यात बंद करून द्यावे. कचरा उचलणारे हातही आपल्याच माणसांचे असतात.

दाढीनंतर गार पाण्याने तोंड धुवा, टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. गाल ओलसर असतानाच ओलावा बंद करायचा. पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा मुगाएवढा अंश तळहातावर पसरून दोन्ही गालांना पुरतो. खोबरेल तेलही चालते, मात्र मुरुमे येत असतील तर तेलही नको आणि जेलीही नको, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर घ्या. ग्लिसरीन स्वस्त आहे, पण नुसते लावले की झोंबते. एक भाग ग्लिसरीनमध्ये दोन भाग पाणी मिसळा आणि रोज ताजे करा. मोहरीचे तेल चेहऱ्याला नको. आफ्टरशेव्ह म्हणजे मुख्यतः अल्कोहोल आणि वास, नाजूक कातडीला त्याची काहीही गरज नाही. लग्नाला जाताना लावायचेच असेल तर शर्टाला लावा.

मेडिकलची ट्यूब

आता मलमाचे. आम्हाला खरी काळजी याचीच आहे, कारण साबणाने झालेले नुकसान आठवडा-पंधरवड्यात भरून येते, मलमाने झालेले येत नाही.

एक गार्डदादा तपासणीला आले होते. गाल लालबुंद, बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे उघड दिसत होते, उन्हात गेले की चेहरा पेटल्यासारखा होई. सुरुवात दाढीच्या पुरळापासून झाली होती. पुरळ गेले तिथे काळे डाग राहिले. दुकानातल्या पोराने एक ट्यूब दिली. तिसऱ्या दिवशी आग गेली, आठवड्यात डाग फिकट झाले, चेहरा उजळला. घरचे म्हणाले, छान दिसतोस. मग ती ट्यूब दीड वर्ष चालली. बंद केली की दोन दिवसांत चेहरा सुजून लाल होई, म्हणून पुन्हा सुरू. बायकोनेही तीच लावायला घेतली होती.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. स्टेरॉइड सूज आणि लाली झटकन दाबते. त्वचेच्या डॉक्टरांनी ठरावीक आजाराला, ठरावीक दिवसांसाठी दिले तर ते उपयोगी औषध आहे. पण चेहऱ्याची कातडी पातळ, तिथे ते जास्त मुरते. आठवड्यांमागून आठवडे लावले की कातडी आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे फुटतात, बायकांच्या चेहऱ्यावर केस येतात. नायटा असेल तर वरची लाली दबते आणि खाली बुरशी पसरत राहते. गोल कडा पुसट होते, मग डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध अशी तिन्ही एकाच ट्यूबमध्ये घालून विकतात. गोरे करणारी म्हणून लोक लावतात त्या तीन औषधांच्या मलमातही एक स्टेरॉइडच असते. काळा रंग हा आजार नाही, त्याला औषध नको. दाढीचे डाग हे पुरळाचे डाग आहेत. पुरळ उठणे थांबले की काही महिन्यांत ते आपोआप फिकट होतात.

नावे ओळखायला शिका : बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. ट्यूबवर कंपनीचे नाव मोठे असते, ही नावे त्याखाली बारीक असतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. दुकानदार न मागता देत असेल तर ते तुमच्यावर उपकार नव्हेत, तो नियम मोडतो आहे. "चिठ्ठी नाही, मग नको" एवढे म्हणायला भीती वाटायचे कारण नाही.

जे आधीच लावत आहेत त्यांनी घाबरू नये, पण आज बंद आणि परवा सुरू असेही करू नये. बंद केल्यावर उसळणारी लाली डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू बसते; काहींना महिने लागतात. सरकारी मोठ्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते, तिथे जा.

साबण बदलून, पाणी बदलून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तरीही तिथेच जा. पू झाला, ताप आला, चट्टा गोल होऊन कडेने पसरत गेला, रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटली, तर साबणाची दुकाने शोधत बसू नका. फिकट किंवा लालसर चट्टा असून त्यावर स्पर्श कळत नसेल तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर तो पूर्ण बरा होतो.

कोणतेही नवे क्रीम घेतले तर थेट गालावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर आठवडाभर रोज दोनदा लावून बघा. खाज, लाली आली नाही तरच चेहऱ्याला. आणि ओपीडीला जाताना घरात असतील तेवढ्या ट्यूब, क्रीम, साबणाची वेष्टने पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी. गर्दीत डॉक्टरांना तुमच्यासाठी चार-पाच मिनिटे मिळतात. "ती निळ्या रंगाची ट्यूब" असे सांगण्यापेक्षा ट्यूबच टेबलावर ठेवलेली बरी.